वाचक विचारतात : कानाला शोभेल आणि सोसेल असे

कानातल्यांविषयीचे प्रश्न पाठवा, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. हार, पाटल्या किंवा बांगड्या यांबद्दल विचारताना वाचक घाट आणि घडणावळ यांविषयी विचारतात. कानातल्यांबद्दल लिहिताना मात्र दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच भोक ओघळल्याची, पाळी लाल झाल्याची किंवा फिरकी टोचत असल्याची तक्रार येते. हा दागिना अंगावर नुसता टेकत नाही, तो अंगातून आरपार जातो, आणि म्हणूनच आधी कान पाहावा आणि मग दागिना पाहावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माझ्या आजेसासूबाईंच्या मोत्यांच्या कुड्या मला मिळाल्या आहेत. मोती पिवळसर झाले आहेत आणि एका कुडीतील एक मोती निखळला आहे. दुकानात दाखवल्यावर सगळे मोती बदलून कुड्या नव्यासारख्या करून घ्या, असे सांगण्यात आले. काय करावे? (वाचक, सांगली)

उत्तर : सगळे मोती बदलण्याची घाई कृपा करून करू नका. कुडीची घडण दिसायला साधी असली, तरी ती फार विचाराने केलेली असते. मधे एक मोती आणि त्याच्याभोवती सहा, अशी सात मोत्यांची फुलासारखी मांडणी आपल्याकडे सर्वांत रूढ आहे. एका गोल मण्याभोवती त्याच आकाराचे मणी, त्याला आणि एकमेकांना टेकून लावत गेले तर बरोबर सहाच बसतात. पाच लावले तर फट राहते आणि सातवा मावत नाही. खात्री करायची असेल तर रुपयाचे एक नाणे मधे ठेवून भोवती तशीच नाणी लावून पाहा, सहाव्या नाण्याला वर्तुळ पुरे होते. याचा अर्थ असा की कुडीतील सातही मोती एकमेकांना तंतोतंत जुळणारे असावे लागतात, आणि त्यांतला एखादा किंचित मोठा आला तर तो शेजारच्या दोघांना ढकलून सगळे फूल वाकडे करतो. तुम्हाला एकच मोती हवा आहे. तो शोधायला जाताना दोन्ही कुड्या बरोबर न्या, जुन्या मोत्याचा व्यास मोजून घ्या आणि रंगही जुन्या मोत्यांशीच जुळवा, कारण पांढराशुभ्र नवा मोती सहा जुन्या मोत्यांच्या संगतीत लांबूनही वेगळा दिसतो.

पिवळसर झाक हा मोत्याचा दोष समजू नये. शिंपल्यातील जीव चुन्याच्या अंशाचे अतिशय पातळ थर एकावर एक चढवत मोती घडवतो आणि या थरांना सांधणारा पदार्थही त्याच्याच शरीरातून आलेला असतो. घाम, अत्तर, साबण, लिंबाच्या रसासारखी आंबट वस्तू, यांपैकी प्रत्येक गोष्ट या थरांना थोडी थोडी झिजवते आणि मोती वयाप्रमाणे रंग बदलतो. त्याला टूथपेस्टने घासणे किंवा गरम पाण्यात बुडवणे म्हणजे ते थरच खरवडून काढणे होय. मऊ सुती कापड जेमतेम ओले करून पुसावे, लगेच कोरड्या कापडाने टिपावे, एवढेच पुरते. माझी आजी रोज रात्री कुड्या काढून पदराच्या टोकाने एकेक मोती टिपत असे आणि कापूस घातलेल्या पितळी डबीत त्या पालथ्या ठेवत असे. तेव्हा मला तो नुसता तिचा नेम वाटायचा. मोत्यांची काळजी घेण्याची याहून चांगली रीत मला अजून सापडलेली नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. कुड्या खरोखरच तीन-चार पिढ्यांच्या असतील, तर त्यांतील मोती नैसर्गिक असण्याची शक्यता आहे. इराणच्या आखातातून येणाऱ्या मोत्यांना आपल्या बाजारात बसऱ्याचे मोती म्हणतात, ते बसरा बंदराच्या नावावरून. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानमधून संवर्धित मोती, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम घडवून घेतलेले मोती, मोठ्या प्रमाणावर येऊ लागले आणि सगळा बाजारच बदलला. मोती नैसर्गिक आहे की संवर्धित, हे नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या साहाय्याने मोत्याच्या आतली रचना पाहून ते ठरवतात. ती तपासणी होईपर्यंत एकही जुना मोती दुकानात सोडून येऊ नका. दुरुस्तीला देताना फिरकीकडेही लक्ष द्या. जुन्या फिरकीचे आटे झिजलेले असतात आणि अशी फिरकी घट्ट बसल्यासारखी वाटून चालता चालता सुटते. दांडी जाड असून तुमच्या कानात सहज जात नसेल तर जोर लावू नका, सोनाराकडून ती बारीक करून घ्या.

प्रश्न : मुलाच्या लग्नाला तीन आठवडे उरले आहेत आणि त्याला भिकबाळी घालायची आहे. कोणत्या कानात घालतात? त्यासाठी आता कान टोचून घेतला तर चालेल का? घरातील काही मंडळींना पुरुषाने कानात घालणे रुचत नाही. (वाचक, ठाणे)

उत्तर : भिकबाळी उजव्या कानात, कानाच्या वरच्या कडेला घालतात. सोन्याच्या तारेची लहानशी बाळी, तिच्यात ओवलेले दोन मोती आणि त्यांच्यामध्ये माणिक किंवा पाचू, हे तिचे ओळखीचे रूप आहे. नावामागची सांगितली जाणारी हकीकत अशी : मूल जगावे म्हणून नवस बोललेले आईवडील घरोघर भिक्षा मागत आणि त्या भिक्षेतून केलेली बाळी मुलाच्या कानात घालत. पुढे पेशवाईत ती प्रतिष्ठित पुरुषांच्या वेशाचा भाग झाली.

घरातील मंडळींना तुम्ही निःशंकपणे सांगू शकता की, पुरुषाने कानात घालणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या कानांत मकरकुंडले आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर कोरलेल्या जोडप्यांतील पुरुषांच्या कानांतही दागिने आहेत. नाथपंथातील कानफाटे योगी कानाला मोठे छिद्र पाडून त्यात मुद्रा घालतात आणि त्यांचे नावच त्यावरून पडले. मराठा सरदारांच्या कानांत चार मोत्यांचा चौकडा असे. मुलाचे कान लहानपणीच टोचण्याची रीत तर अनेक घरांत आजही चालू आहे.

मात्र तीन आठवडे आधी कानाची वरची कड टोचून घेण्याचा विचार सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगते. कानाच्या पाळीत नुसते मांस आणि चरबी असते; ती साधारणतः 6 ते 8 आठवड्यांत भरून येते. वरच्या कडेला कूर्चा, म्हणजे लवचिक मऊ हाड असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात आणि म्हणून तिथली जखम भरायला कित्येक महिने, कधी कधी वर्षही लागते. तिथे पू झाला तर कूर्चा विरघळून कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. लग्नाच्या धावपळीत, हळदीच्या दिवशी आणि मुंडावळ्या, फेटा यांच्या घर्षणात ओली जखम सांभाळणे फार अवघड आहे. त्यापेक्षा दाबाची भिकबाळी घ्यावी. ती भोकाशिवाय कानाच्या कडेला पकडून बसते. फेटा बांधून झाल्यावर ती लावावी, आधी लावली तर फेट्याच्या पेचात अडकते. लग्नानंतरही मुलाची हौस कायम राहिली, तर सावकाश टोचून घेता येईल.

प्रश्न : माझे वय 58 आहे. तरुणपणापासून वजनदार झुबे घातल्यामुळे दोन्ही कानांची भोके ओघळून लांब झाली आहेत आणि डाव्या कानाची पाळी खालून फाटायला आली आहे. आता कानात काहीच घालायचे नाही का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमचे पत्र वाचून वाईट वाटले, पण निराश होण्याचे काहीच कारण नाही. ओघळलेला आणि फाटलेला कान जोडण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेतील एका अध्यायात कान टोचण्याचा आणि तुटलेली पाळी जोडण्याचा विधी सांगितलेला असून जोडण्याचे 15 प्रकार तिथे नावानिशी दिलेले आहेत. इतके प्रकार वेगवेगळे करून सांगावे लागले, यावरून जड कुंडलांनी कान फाटणे ही त्या काळीही नेहमीची बाब होती, असे मी समजते. आज प्लास्टिक सर्जन किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ एवढीच जागा बधिर करून हे काम करतात आणि त्यासाठी बहुधा रुग्णालयात राहावे लागत नाही. टाके निघाल्यावर काही महिने थांबून, जुन्या व्रणाच्या थोडे बाजूला नवे भोक पाडतात, कारण व्रणाची त्वचा मूळ त्वचेइतकी बळकट नसते. डावा कान पूर्ण फाटण्याची वाट पाहू नका. तो जोडून घेईपर्यंत त्या कानात काहीही अडकवू नका, अगदी हलके टॉप्सही नको.

त्यानंतर झुबे घालायचे असतील तर वेल जरूर वापरा. आपण वेलाकडे आता केवळ शोभा म्हणून पाहतो, पण त्याचे खरे काम भार वाहण्याचे आहे. कानातल्यापासून निघून कानावरून मागे केसांत अडकणारा मोत्यांचा किंवा सोन्याचा तो सर दागिन्याचे वजन पाळीवरून उचलून केसांवर टाकतो. एक अट मात्र आहे. वेल ताणून बसवला पाहिजे; तो सैल लोंबत असेल तर झुब्याचे वजन पाळीवरच राहते आणि वेलाचे वजन त्यात वाढते. आरशासमोर उभे राहून वेल अडकवण्यापूर्वी आणि अडकवल्यानंतर भोकाकडे नीट पाहा. लांबट झालेले भोक वेल लावल्यावर थोडे तरी आखूड दिसले, तर वेल योग्य बसला आहे. घरात स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर झुब्यांचे वजनही एकदा करून पाहा. दिसायला सारख्याच आकाराचे पोकळ आणि भरीव झुबे यांच्या वजनात केवढा फरक असतो, ते हातात घेऊन एरवी लक्षात येत नाही.

प्रश्न : मी नागपूरला महाविद्यालयात शिकते. ऑक्सिडाइज्ड कानातले घातले की दुसऱ्या दिवशी पाळीला खाज सुटते आणि पाणी येते. सोन्याचे घातल्यावर त्रास होत नाही. रोज सोने घालून जाणे परवडणारे नाही. (वाचक, नागपूर)

उत्तर : तुम्ही वर्णन केलेली लक्षणे निकेलच्या ॲलर्जीशी जुळतात, खात्री त्वचारोगतज्ज्ञाकडून करून घ्या. बाजारात ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात, त्यात चांदी अजिबात नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू आहे आणि काळपट झाक दिलेले कितीतरी दागिने त्याचेच असतात. घामाने निकेलचा अंश सुटतो आणि भोकाच्या आतल्या नाजूक त्वचेला लागतो. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, म्हणून ‘हळूहळू सवय होईल’ या आशेवर तेच कानातले पुन्हा पुन्हा घालू नका. युरोपीय संघाने तर 1994 मध्येच कायदा करून कानातल्यांसारख्या दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली.

सोने न घालताही मार्ग निघतो. त्रास देतो तो मुख्यतः आरपार जाणारा भाग, म्हणजे दांडी किंवा आकडा. आवडत्या कानातल्याची दांडी सोनाराकडून 22 कॅरेट सोन्याची बसवून घेता येते. तिला सोने अगदी थोडे लागते. टायटॅनियमच्या दांड्याही चांगल्या. ‘सर्जिकल स्टील’ या नावावर मात्र डोळे झाकून विसंबू नका, कारण त्या पोलादातही निकेल असते. ते घट्ट बांधलेले असल्यामुळे पुष्कळांना सोसते, तरी ज्यांचा कान फार हळवा आहे त्यांना सोसेलच असे नाही. पांढऱ्या सोन्यातही कधी कधी निकेल मिसळलेले असते, तेव्हा घेताना तसे स्पष्ट विचारावे. दांडीला नेलपॉलिश लावण्याचा उपाय मैत्रिणींनी सांगितला असेल. तो थर लवकर झिजतो, एखाद्या संध्याकाळीपुरता ठीक आहे. आणि दांडी बदलली तरी मागची फिरकी त्याच जुन्या धातूची राहिली तर पाळीच्या मागच्या बाजूला खाज सुटतच राहील. पुष्कळ जणी नेमके हेच विसरतात.

प्रश्न : नातीसाठी दीड ग्रॅमच्या बाळ्या घेतल्या. त्यांवर हॉलमार्क नाही. फसवणूक झाली का? (वाचक, नाशिक)

उत्तर : तेवढ्यावरून फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. हॉलमार्कची सक्ती 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, पण 2 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना तिच्यातून सूट आहे. म्हणून लहान बाळ्या आणि टॉप्स यांवर शिक्का नसू शकतो. अशा वेळी पावतीवर कॅरेट आणि वजन लिहून घेणे फार आवश्यक असते. 22 कॅरेट म्हणजे हजारात 916 भाग सोने, 18 कॅरेट म्हणजे 750. मोठ्या कानातल्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक असतो. तो क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकून पडताळता येतो.

प्रश्न : मी चष्मा वापरते. नऊवारी नेसल्यावर कुडी, बुगडी आणि वेल ही तिन्ही घालावीत असे वाटते, पण सगळी एकमेकांत अडकतात. (वाचक, बडोदे)

उत्तर : कुडीची जागा पाळीवर आणि बुगडीची कानाच्या वरच्या कडेला, त्यामुळे त्या दोघींचे भांडण नाही. अडचण वेल आणि चष्म्याची दांडी यांच्यात होते, कारण दोघांचीही वाट कानावरूनच जाते. कुडी वजनाने हलकी असते, तिला वेलाच्या आधाराची गरजच नाही. कुडी आणि बुगडी ठेवा आणि वेल झुब्यांसाठी राखून ठेवा. बुगडी लावण्यापूर्वी चष्मा घाला म्हणजे दांडीला लागणार नाही अशी जागा सापडेल.

प्रश्न : आम्ही शिकागोला राहतो. मुलगी दोन महिन्यांची आहे आणि डिसेंबरात पुण्याला येणार आहोत. सासूबाईंची इच्छा आहे की सोनाराकडून कान टोचावेत; आम्हाला गनने टोचणे स्वच्छ वाटते. (वाचक, शिकागो)

उत्तर : आपल्याकडे पुष्कळ घरांत बारशालाच कान टोचतात, तरी तुम्ही डिसेंबरपर्यंत थांबत आहात हे चांगले झाले. धनुर्वाताचा समावेश असलेल्या लसीचे पहिले डोस तोवर झालेले असतील. तरीही निघण्यापूर्वी बाळाच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. सुश्रुतानेही सहावा किंवा सातवा महिना सांगितला आहे.

गन स्वच्छ असते, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. प्लास्टिकचे भाग असलेली गन उच्च दाबाच्या वाफेत निर्जंतुक करता येत नाही आणि ती बोथट टोकाचा खडा जोराने आत ढकलते. सोनार सोन्याच्या तारेचे टोक धारदार करून टोचतो आणि तीच तार वळवून बाळी करतो, त्यामुळे जखम बारीक होते आणि कानात सोन्याखेरीज दुसरा धातू जात नाही. सोनाराच्या बाजूने माझे मत आहे ते एवढ्यासाठी. पण त्याच्या हातालाही स्वच्छतेच्या अटी लागू आहेत : तार नवी हवी, ती तुमच्यासमोर निर्जंतुक केलेली हवी, त्याने हात धुऊन नवे हातमोजे घातलेले हवेत. हे त्याला आधीच, शांतपणे सांगा. तो ऐकणार नसेल, तर कान टोचून देणाऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. सासूबाईंना बरोबर न्या, म्हणजे त्यांच्या मनातला सोहळाही राहील.

भोकाची जागा टोचण्याआधी शाईच्या ठिपक्याने दोन्ही कानांवर दाखवायला सांगा. मूल मांडीवर सरळ धरून समोरून पाहा, कारण कुशीवर असताना ठिपके सारखे वाटतात आणि समोरून एक वर, एक खाली दिसतो. पाळी उन्हाकडे धरली की मधला पातळ भाग उजळ दिसतो. जुन्या वैद्यांनी टोचण्यासाठी हीच जागा सांगितली आहे. ठिपका फार खाली आला तर मुलगी मोठी होऊन झुबे घालू लागेल तेव्हा भोकाखाली पुरेशी पाळी उरत नाही. टोचल्यावर हळद-तेल लावण्याचा आग्रह होईल, पण ओल्या जखमेवर ते लावू नका. उकळून गार केलेल्या पाण्यात थोडे मीठ घालून, स्वच्छ कापसाने दिवसातून दोनदा पुसा. बाळी उगाच फिरवत बसू नका. तारेची टोके आत नीट वळवलेली आहेत ना, यावरून बोट फिरवून पाहा, नाहीतर झोपेत कूस बदलताना ते टोक बाळाच्या मानेला ओरखडते.